ब्राइटनेस शंभरवर

५ जानेवारी, सोमवार
टीव्ही पुन्हा गेला. आवाज चालू, पडदा काळा. दिवाळीआधीच आतल्या पट्ट्या बदलल्या होत्या. आई म्हणते, व्होल्टेज. चाळीत पाण्याचा पंप लागला की दिवे मिचमिचतात, हे खरं. मला वाटतं, बाबांनी टीव्ही भिंतीला अगदी चिकटवून लावलाय, त्यात शेजारी गॅस. गरम होणारच. बाबा काळ्या पडद्यासमोर बसून बातम्या ऐकत राहिले. उगाच चिडचिड झाली माझी.

६ जानेवारी
मेकॅनिक आला. पडद्यावर मोबाइलचा टॉर्च धरला तर आत पुसट माणसं हलत होती. म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. उघडून दाखवलं. पट्टीवरचे बारीक दिवे, दोन जळून काळे. "एक उडाला की अख्खी लाइन बसते, ताई." व्होल्टेज, धूळ, गरमी, सगळं असतं म्हणाला. नवी पट्टी टाकून चालू केला आणि सेटिंग बघून थांबला. "शंभरवर कोण ठेवतं? गेल्या वेळी मी साठ करून गेलेलो. फुल ब्राइटनेसवर हे टिकणारच नाही."
मी ठेवत नाही. आई रिमोटला हात लावत नाही. बाबा तेव्हा घरी नव्हते, दुपारची मुलं सोडायला गेले होते. शाळेची व्हॅन चालवतात, मला आठवतं तेव्हापासून.

८ जानेवारी
काल बघितलं तर पुन्हा शंभर. आज बाबा यायच्या आत साठवर केला नि गप्प बसले. बाबा आले, बसले, पुढे सरकले, अजून पुढे.
"काळा दिसता गो चित्र."
मला स्वच्छ दिसत होतं. म्हटलं, बाबा, खाली अक्षरं पळतायत ती वाचा बघू. उठून आंघोळीला गेले.
रोज एवढी पोरं घेऊन हा माणूस...

९ जानेवारी, शुक्रवार
सकाळी म्हटलं, परळपर्यंत तुमच्या गाडीतून येते, तिथून दादर, ऑफिसला. नाही म्हणता आलं नाही त्यांना. मागे मुलांत बसले. पुढे शोभामावशी, मुलांना चढवते-उतरवते ती. आधी वाटलं, गप्पा मारतेय.
"लाल हाय... सुटला. डावीकडं हातगाडी. हां, जाऊ द्या."
बाबा मान न वळवता ऐकत होते.
लालबागच्या पुढे रस्ता खोदलाय. तिथे नवा पत्रा उभा केलेला, राखाडी. एका मुलीची पाण्याची बाटली सांडली म्हणून मावशी मागे वळली. गाडी पत्र्याकडे तशीच चाललेली. मी किंचाळले. ब्रेक. पोरं खिदळली, त्यांना मजा वाटली.
शाळेपाशी मावशीला गाठलं. कधीपासून?
"गणपतीपास्नं. अगं पण मी हाय ना! त्यांची गाडी बंद झाली तर माझं बी बंद."
ऑफिसात काय केलं, आठवत नाही. चुका असतील.
संध्याकाळी बाबांशी बोलले.
"माका सगळा दिसता. कोणी सांगल्यान तुका?"
मी होते गाडीत, बाबा.
"आजवर एका तरी पोराक खरचटला काय?"
आज लागलं असतं.
मग, "घरात बसान काय करू? रस्तो माका पाठ आसा."
पत्रा पाठ नव्हता. हे मी बोलले नाही. आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेली घडी मोडून परत घालत होती. तिला माहीत होतं का? विचारायचा धीर नाही.

११ जानेवारी, रविवार
काल शाळेला सुट्टी होती. आज सकाळीच सांगितलं, पालकांना तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवते. बाबा दिवसभर फोन जवळ घेऊन बसले होते. केला नाही. संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, बाबांना नीट दिसत नाही, उद्यापासून ते गाडी चालवणार नाहीत. आधी 'तब्येत बरी नाही' लिहिलं होतं. ते पुसलं.
फोनवर फोन. एक आई रडायलाच लागली. "कधीपासून दिसत नव्हतं? खरं सांगा." सांगितलं, गणपतीपासून. बाबा समोरच बसलेले. सगळं ऐकलं.

१३ जानेवारी
डोळ्यांचा दवाखाना. बाबा आले मुकाट्याने. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. साखर वाढलेली, ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मोतीबिंदू काढल्याशिवाय मागचा पडदा दिसत नाही, तो कसा आहे ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाबांनी त्यांना एकच विचारलं, "गाडी?" त्या म्हणाल्या, आधी ऑपरेशन तर होऊ दे काका.
माझ्याशी बोलणं बंदच आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार
गाडीवर दुसरा ड्रायव्हर, मावशीच्या ओळखीतला. काही पालकांनी मुलं काढून घेतली. बाबा रोज सकाळी खाली जाऊन उभे राहतात. आज मीही गेले. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून एक छोटा ओरडला, "काका, तुम्ही कधी येणार?"
बाबांनी हात हलवला. तो ज्या खिडकीत होता तिच्या पुढच्या खिडकीकडे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिका इचार."
रविवारनंतर पहिल्यांदा.
पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. गाडी वळली तरी बघत होतं.
साखर उतरली तर ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. आज पुन्हा तपासली. अजून उतरलेली नाही.