अक्काच्या नावची विहीर

वडूज, ८ सप्टेंबर २०२५

चि. नानासोस, अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तीन दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून पेन हातात घेतलं. अक्षराला हसू नकोस.

चार दिवसांपूर्वी माझ्या नावानं तुमच्या ग्रामपंचायतीची नोटीस आली. जुन्या विहिरीत कोंबड्यांची पिसं-आतडी टाकली, पंधरा दिवसांत उचला, दंड भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल, असं लिहिलंय. आता वडूजहून कुंडलला मी काय कोंबड्या सोलायला येते? आबांच्या माघारी सातबाऱ्यावर माझं नाव लागलं तेवढंच. रान तूच कसतोस, मी कधी उसाचं एक कांडं मागितलं नाही. कारकुनाची चूक असणार. जाऊन दुरुस्त करून घे.

ज्या विहिरीत तुझ्या पाठीला भोपळा बांधून तुला पोहायला शिकवलं, तिच्यात घाण टाकतंय कोण, तेही बघ. शिवतेजला म्हणावं, भरतीसाठी पळतोस तर दूध पीत जा.

आहे ती माया वाढव.

तुझी अक्का

•

कुंडल, १२ सप्टेंबर

ती. अक्कास, नानासोचा शि. सा. नमस्कार.

फोन मुद्दामच उचलला नाही. तोंडानं सांगायला जड जात होतं.

चूक कारकुनाची नाही. टेम्पो मीच येऊ देतो. चिकनच्या दुकानवाल्यांना जागा हवी होती आणि विहीर कोरडीच पडली होती. मे महिन्यात मला एकदा दंड झालाय. पुन्हा माझं नाव आलं तर दंड वाढतो, वर गुन्हा. म्हणून जबाबात सांगितलं, की विहीर अक्काच्या वाट्याची, मला काही माहीत नाही.

रागावू नकोस. माझ्यावर गुन्हा लागला तर शिवतेजची पोलीस पडताळणी अडेल, पोराची भरती जाईल. तू फक्त ‘माझ्याकडून झालं’ एवढं लिहून दे. दंड मी भरतो. सोबत हक्कसोडाचे कागद आहेत, त्यावरही सही कर, म्हणजे पुढं तुला ताप नको. माहेर तर तुझंच आहे.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा नानासो

•

वडूज, १९ सप्टेंबर

चि. नानासोस, आशीर्वाद.

काल कुंडलला येऊन गेले. तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही. शेजारची शालूबाई भेटली. म्हणाली, आवं अक्का, तुमची हीर आता वासानंच घावतीया. काठावर मला दोन मिनिटं उभं राहवेना.

तिथून ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, बापाच्या दंडानं किंवा गुन्ह्यानं मुलाची भरती अडत नाही, आणि हे नानासोंना मे महिन्यातच सांगितलंय. म्हणजे तुला ठाऊक होतं. शिवतेजचं नाव घेतलं की आत्या विरघळते, हेही ठाऊक होतं. नोटिशीनं मी घाबरले होते, यानं मोडले. सख्ख्या भावानं मला असं वापरावं?

नोटिशीला उत्तर दिलंय. विहीर माझी आहे, मी ती साफ करून घेईन. घाण कोणी टाकली, त्यासाठी तुझंच पत्र जोडलंय. हक्कसोडाचे कागद कोरे परत पाठवतेय. माहेर तुटू नये म्हणून या दिवाळीत मी आपणहून सही करणार होते रे.

भाऊबीजेला येईन, पण घरी नाही. पाट विहिरीच्या काठावर मांडीन. ओवाळून घ्यायचं असेल तर तिथं ये, नाकाला रुमाल न लावता.

अक्का