आधीच मानलेले आभार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं आणि मी ते लाँड्रीत, मशिनच्या आवाजात, उभ्याउभ्याच वाचलं. मग ऑफिसच्या खोलीत जाऊन, दार लावून पुन्हा वाचलं, कारण शेवटच्या चार ओळी पहिल्या वेळी मी चुकीच्या वाचल्या असं मला वाटलं. पण त्या तशाच होत्या. पुढच्या आठवड्यात विमानातून तुझी पहिली उडी आहे. तुला भीती वाटतेय. नको म्हणायची मुभा आहे, पण नको म्हटलं तर प्रशिक्षण सोडून घरी यावं लागेल. आणि घरी यायची सोय नाही, कारण कॉलनीच्या फाटकावर तुझा हा एवढा मोठा फोटो लावलाय आणि खाली तुझे आभार मानलेत. त्याच्याखालून बॅग घेऊन आत कशी येऊ, असं विचारलंयस. आणि वर आणखी एक प्रश्न, की आपण अजून काहीच केलेलं नसताना लोक आभार मानतात तेव्हा काय करायचं. अगं, चादरी धुणाऱ्या बाईला विचारायचे का हे प्रश्न? पण विचारलेस ना, आता उत्तरही ऐकून घे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. तुझे बाबा म्हणतात, तुझी आई पाणी प्यायला निघाली तरी विहिरीपासून सुरुवात करते.

त्या फ्लेक्सचं आधी सांगते. तुझी निवड झाली त्याच आठवड्यात कॉलनीच्या अध्यक्षांनी तो लावला. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं होतं. कारण नसताना मी फाटकातून जा-ये करायची. कोथिंबीर विसरले म्हणायचं आणि निघायचं. बाबांनी एकदा विचारलं की आपण हल्ली कोथिंबिरीवरच जगतोय का. माझी लेक, कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या गणवेशात, हसरी, आणि खाली मोठ्या अक्षरांत की तू आमचं रक्षण करतेस म्हणून आम्ही तुझे ऋणी आहोत. तू तेव्हा दोरीवर चढायलाही शिकली नव्हतीस. सुट्टीवर आलीस तेव्हा तू मान खाली घालून फाटकातून आत शिरलीस आणि मला वाटलं लाजतेय पोरगी. दुकानदाराने तुझ्याकडून साबणाचे पैसे घेतले नाहीत, तर तू घरी येऊन तो साबण फडताळावर आपटलास. मी म्हटलं, लोक मान देतात तर घे की मुकाट्याने. तू काही बोलली नाहीस. तुझं ते न बोलणं मला आता तुझ्या पत्रातून कळलं.

खरं तर मला स्वतःला आभार-बिभार प्रकरण कधी जमलं नाही. आपल्या घरात कोण कोणाचे आभार मानतं? बाबा पहाटे टेम्पो काढून हॉस्पिटलचे गठ्ठे आणतात, मी त्यांच्या हातात चहा देते, ते म्हणतात, साखर कमी आहे. झालं. कोणी आभार मानले की मला परकं केल्यासारखं वाटतं. आणि सैनिकांचं म्हणशील, तर तुझ्या निवडीआधी माझं मत अगदी रोखठोक होतं. पगार मिळतो, पेन्शन मिळते, आपापलं काम करतात. मीही माझं करते. माझ्या चादरींवर झोपून बरे झालेले किती पेशंट मला शोधत आले? एकही नाही. मग कोणी कोणाला हात जोडायचे?

हे मत बदललं ते मेजरांमुळे. तू गेल्यानंतर लाँड्रीत नवीन माणूस ठेवला, फोनवर सांगितलं होतं, तेच हे. मेजर नाहीत हं ते. सैन्यातून आलेल्या कोणालाही लोक मेजरच म्हणतात. सुरुवातीला त्यांनी एकेकाला थांबवून सांगितलं की माझा हुद्दा एवढा मोठा नव्हता. त्यावर आपला इस्त्रीवाला त्यांना कर्नल म्हणायला लागला, तेव्हा त्यांनी घाबरून मेजरवर तडजोड केली. मला माणूस हवा होता घड्या घालायला. चादरी इस्त्रीच्या रोलरमधून गरम गरम निघतात, त्या लगेच घडी करून ट्रॉलीत रचायच्या, बस एवढंच काम. पहिल्या दिवशी मेजरांनी चादर टेबलावर पसरली, तळहाताने एक सुरकुती राहू दिली नाही, पहिली घडी घातली, आणि हात बाजूला घेऊन उभे राहिले. उभेच. मागे चादरींचा ढीग लागला, तरी हा माणूस आपला समोर बघत उभा. रोलरवरच्या दोघी एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. मी मनात म्हटलं, हे कुठलं ध्यान पदरात पडलं. जवळ जाऊन विचारलं, काय हो, उभ्याउभ्या डोळा लागला का?

तर ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, माफ करा मॅडम, सवय आहे. मॅडम म्हणू नका म्हणून किती वेळा सांगितलं, पण ते काही सुटत नाही. त्यांची सगळी नोकरी पॅराशूटच्या घड्या घालण्यात गेली. लांबलचक टेबल असतं म्हणे, त्यावर ते कापड आणि त्या दोऱ्या पसरायच्या. एक टप्पा झाला की हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. दुसऱ्या माणसाने येऊन डोळे घालून बघायचं आणि बघितलं असं तोंडाने म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय पुढची घडी घालायची नाही, मग बाहेर आभाळ कोसळो. इतकी वर्षं तो शब्द ऐकून हात हलले, आता शब्दच नाही तर हात हलेनात. दुसऱ्या दिवशी रोलरवरची थोरली त्यांची फिरकी घ्यायला म्हणून मोठ्याने बघितलं म्हणाली. मेजर इतके खूश झाले की तिचीच पंचाईत झाली. मग ती खरोखर बघायला लागली. आणि बघायला लागल्यावर दिसायलाही लागलं. कुठे डाग राहिलाय, कुठे शिवण उसवलीय. आता आपली अख्खी लाँड्री दिवसभर बघितलं, बघितलं करत असते, बाहेरच्या माणसाला वाटेल इथे सगळ्यांना वेड लागलंय. पण हॉस्पिटलकडून तक्रार म्हणून येत नाही.

आता सत्काराचं सांगते. मागच्या महिन्यात अध्यक्षांनी कॉलनीच्या हॉलमध्ये माजी सैनिकांचा कार्यक्रम ठेवला. माणूस वाईट नाही, फक्त माइक हातात आला की त्यांना आवरत नाही. मेजर नको नको म्हणत होते, मीच त्यांना ढकलून पाठवलं. अध्यक्षांनी सुरुवात केली, की यांनी शत्रूशी छातीठोक झुंज दिली, मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घातले. मेजर खुर्चीत असे आखडले की मला वाटलं आता उठून पळणार. उठले खरे, पण माइकपाशी गेले. म्हणाले, मी झुंज दिलेली नाही, मी पॅराशूटच्या घड्या घातल्या, लढले ते त्या पाठीवर बांधून उडी मारणारे, तेव्हा हे आभार त्यांना पोचवावेत. आणि जाऊन बसले. टाळ्या वाजल्या, पण पोटभर जेवल्यावर कोणी पुन्हा वाढलं तर माणूस खातो तशा. माझ्या शेजारचा गृहस्थ हसला आणि म्हणाला, मग कशाचे आभार मानायचे, कापडाचे? पगार घेतलाच ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा बाही ओढत होते तरी मी त्याला सुनावलं, की तुमची आई ऑपरेशन झाल्यावर ज्या चादरीवर झोपली ती मी पैसे घेऊनच धुतली होती, आभार मानू नका, पण दात तरी काढू नका. तो उठून मागच्या रांगेत गेला.

घरी येईपर्यंत माझा राग उतरला आणि लाजच वाटायला लागली, कारण तो जे बोलला तेच मी कालपरवापर्यंत बोलत होते. अध्यक्ष न बघता आभार मानत होते, तो गृहस्थ न बघता नाकारत होता, आणि मेजर सैन्यात नक्की काय करायचे हे दोघांनाही जाणून घ्यायचं नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर मी चहाच्या वेळी मेजरांना विचारलं. पत्र दाखवलं नाही, पण सांगितलं सगळं. रागावू नकोस, दुसरं कोणाला विचारणार होते मी? त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की पॅराशूट उघडलं की घडी घालणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही, आणि व्हायलाही नको. बिघडलं तरच त्याचं नाव शोधतात. त्यांचं नाव कधी कोणाला शोधावं लागलं नाही. उडीच्या दिवशी ते शेडच्या बाहेर येऊन उभे राहायचे, आकाशात फुललेली सगळी पॅराशूटं मोजायचे आणि आत येऊन पुन्हा टेबलाला लागायचे. ऐकताना मला भरून आलं गं. किती जणांची लेकरं या माणसाच्या हातांनी धड जमिनीवर उतरवली, आणि हा माणूस माझ्याकडे उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालतोय आणि एकही कोपरा वाकडा जाऊ देत नाहीय.

मग त्यांनी सांगितलं, की घडी घालणाऱ्यालाही अधूनमधून त्याच्याच घडीवर उडी मारायला लावायचे, म्हणजे हात सैल पडत नाहीत. मेजरांना प्रत्येक वेळी भीती वाटायची. आदल्या दिवशी जेवण जायचं नाही. आणि एकदा, विमानाच्या दारात उभं राहून, त्यांनी नको म्हटलं. स्वतःच्या घडीवर भरवसा होता, पाय मात्र तयार नव्हते. त्याच विमानातून खाली आले आणि दुसऱ्या दिवशी टेबलापाशी हजर झाले. त्यांचं काम घड्यांचं, म्हणून कोणी जाब विचारला नाही. काही महिन्यांनी पुन्हा वर गेले, तेव्हा मारली. हे सांगताना त्यांना ना शरम होती ना फुशारकी. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी तुझ्यासाठी जपून ठेवली. म्हणाले, मॅडम, आभार मानावेत, जरूर मानावेत, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. फक्त कशाबद्दल ते आधी विचारावं. आणि जो अजून दारात उभा आहे त्याचे मानू नयेत, कारण मग त्याला मागे वळता येत नाही.

मी त्यांना म्हटलं, मला दाखवा तुम्ही काय करायचा ते. चार चादरी कडेला कड शिवून जोडल्या, दोऱ्यांच्या जागी नाड्या बांधल्या, मोठं टेबल रिकामं केलं. त्यांनी घातली घडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी प्रत्येक टप्प्याला वाकून बघितलं. ते हात काय चालतात गं. झालं तेव्हा मी सरळ उभी राहून म्हटलं, की मी तुमची आभारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडून नीट बाहेर पडले आणि मला ते परके वाटले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसायला खिडकीपाशी गेले.

तिथून मी तडक अध्यक्षांकडे गेले आणि म्हटलं, माझ्या मुलीचा फ्लेक्स उतरवते आहे. ते म्हणाले, अहो, आम्ही तुमच्या मुलीचा मान करतोय. मी म्हटलं, मान तिने काही केल्यावर करा, आणि काय केलं ते तिला विचारून करा, तोवर ती नुसती आमची मुलगी आहे. ते दुखावले. दुखावू देत, चार दिवसांत विसरतील. शिडीवर मीच चढले. बाबांनी शिडी धरली आणि सगळा वेळ मला सांगत होते की तुझ्या वजनाची शिडी नाहीय ही. येणारेजाणारे थांबून विचारत होते, काय झालं, पोरगी ठीक आहे ना. मी वरूनच सांगितलं, ठीक आहे, शिकतेय. आता फाटकावर फाटकाचा रंग आहे आणि सांडपाणी टाकू नये अशी पाटी आहे, दुसरं काही नाही.

हे सगळं लिहिलं ते एवढं सांगायला की वाट मोकळी केली आहे. तू ये म्हणून मी सांगणार नाही. सांगायचं खूप आहे, शब्द अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसलेत, पत्र फाडून फोनच करावा असं दर दोन ओळींनी वाटलं, पण नाही सांगणार. उडी मार असंही सांगणार नाही, ते सांगणारे तिथे पुष्कळ असतील. दारात उभी राहशील तेव्हा तुझ्या पाठीवर ना कॉलनी असेल ना कोणाचं ऋण, तुझी तू असशील आणि तुझे पाय काय म्हणतात ते तुला ऐकू येईल. मारलीस तर उतरल्यावर मला सगळं विचारायचंय. नाही मारलीस तर बॅग घेऊन फाटकातून सरळ मान वर करून ये, बाबा टेम्पो घेऊन येतील. पुढेमागे लोक तुझ्या धाडसाबद्दल तुझे आभार मानतील, तेव्हा ते खरे असले तर घे. पण त्याआधी माझा नंबर. तू घाबरलीस, आणि जगात सगळ्यात आधी ते मला सांगितलंस. भिंगरी, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे.

तुझीच,
आई