राहून गेलेली तारीख

प्रिय ताई,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मी सांगायला लागले की तू मध्येच "मी तेव्हाच सांगितलं होतं" म्हणणार आणि माझं पुढचं सगळं घशातच राहणार, म्हणून लिहायला बसले. तर ते आधीच उरकून टाकू. तू तेव्हाच सांगितलं होतंस. लग्नाच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस, एकदा संसार मोडलेला माणूस आहे, तो पुरता मोडलाय ना तेवढं बघून घे. मी तुला संशयी म्हटलं आणि दोन दिवस बोलले नाही. ताई, तो पुरता मोडलेला नव्हता. मागच्या महिन्यापर्यंत नव्हता.

झालं असं की, घर दोघांच्या नावावर करावं असं आम्ही ठरवलं. खालच्या मजल्यावर एक वकीलीण राहते, पोरगेलीच आहे, पण हुशार. तिला वर बोलावलं. तिनं सहज विचारलं, काका, तुमच्या पहिल्या घटस्फोटाचा शेवटचा निकाल कधी लागला? हा म्हणाला, आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला होता, न्यायाधीशांनी विचारायचं ते विचारलं, झालं की. ती म्हणाली, ते पहिल्या वेळी. मग काही महिने थांबून दोघांनी पुन्हा जायचं असतं आणि अजूनही हेच हवंय असं सांगायचं असतं. त्या दुसऱ्या तारखेला गेला होतात ना? तुला माहीत आहे, हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून लोक आतून किंचाळत असतात तेव्हाही याचा आवाज चढत नाही. त्या दिवशी यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि म्हणाला, "ते राहून गेलं." जसं काही दूध आणायचं राहून गेलं.

वकिलीणबाईंनी मग मला समजावून सांगितलं, अगदी हळू, जणू मीच आजारी होते. कायद्याच्या लेखी याची बायको ती पहिलीच. आमचं लग्न लागलेलंच नाही. लेकीच्या हक्काला कुठे धक्का नाही, तेवढं बरं. आणि काळजीचं कारण नाही काकू, म्हणाली, त्या बाई तयार असल्या तर सहज सुटेल. त्या बाई तयार असल्या तर! इतकी वर्षं मी ज्याला चारचौघांत "आमचे हे" म्हणत आले, तो आमचा आहे की नाही हे आता त्या बाईला विचारायचं. ताई, खरं सांगते, तोवर मला तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. घरात आधी राहून गेलेला भाडेकरू असतो ना, तशी ती. होती, गेली. आता कळलं की घर तिच्याच नावावर होतं आणि भाडेकरू मी.

यानं तिला फोन केला. नंबर शोधावा लागला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, आमच्या धंद्यात सगळ्यांचे नंबर ठेवावे लागतात. ती जनावरांची डॉक्टर आहे, तिच्या गोठ्यात कुठली लिफ्ट?

ती आली. मी दोन दिवस घर घासत होते, पडदेसुद्धा धुतले, आणि स्वतःवरच चिडत होते. बाई दणकट आहे. केस कापलेले, पिकलेले, रंगबिंग काही नाही. स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढली आणि बसली, जणू काल उठून गेली होती. माझी नजर मेली धंद्याची. कवळ्या करण्यात जन्म गेला, त्यामुळे माणूस समोर आला की मी आधी तोंडात बघते. तिचे सगळे दात तिचे स्वतःचे आहेत. पुढच्या दोघांमध्ये बारीकशी फट, आणि ती फट तिला शोभते. हसली की सगळं तोंड हसतं. यानं तिला माझ्याआधी पाहिलं होतं, हे मला माहीत होतंच, पण ते हसू पाहिलं होतं हे मला त्या क्षणी कळलं.

ती त्याला उंट म्हणते. "काय उंटा, मान अजून तशीच पुढे काढून चालतोस का?" आणि हा ओ देतो! माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून माझा नवरा, म्हणजे तिचा नवरा, उंट म्हटल्यावर ओ देतो, आणि वर हसतो. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. जरा पोरकट, जरा फुसकन फुटलेलं. मग ती म्हणाली, खांदा वर का धरलायस, बघू. उठली, त्याच्या मागे गेली, बैलाला चाचपतात तसं चाचपलं आणि अंगठ्यानं एका जागी दाबलं. खांदा खाली आला. ताई, तो खांदा मी किती वर्षं शेकतेय.

पण खरा काटा पुढे आहे. ती अर्जाला लगेच तयार झाली, म्हणाली, तेव्हाच व्हायला हवं होतं, मी तर आले होते त्या दिवशी, दोघंही आलो होतो. मी म्हटलं, कुठल्या दिवशी? तिनं याच्याकडे पाहिलं. "हिला सांगितलं नाहीस तू?" हा कपात बघत बसला. त्या दुसऱ्या तारखेला दोघंही कोर्टात आले होते, ताई. फाटकात भेटले आणि आत गेलेच नाहीत. समोरच्या चहावाल्याकडे बसले ते कोर्ट बंद होईपर्यंत. म्हणजे ते राहून गेलं नव्हतं. राहू दिलं होतं.

तुला वाटेल मी आकांडतांडव केलं असेल. नाही केलं. कामावर गेले आणि एका आजोबांची वरची कवळी लावायला घेतली. मेणात एकेक दात बसवत गेले. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, बाई, आजोबांना पुढे फट कुठे होती? बघते तर काय, मी हुबेहूब तिचे दात लावून ठेवले होते. सगळे काढले, पुन्हा बसवले. अशी जळत होते मी. तिच्यावर जळत होते असंही नाही, त्या चहावर जळत होते. माझ्याबरोबर हा कधी एका जागी एवढा वेळ बसलेला नाही.

शेवटी रविवारी दुपारी हा बूट पुसत बसला होता तेव्हा विचारलं. एवढा वेळ काय बोलत होतात? हा खोटं बोलू शकला असता. म्हणाला, फारसं काही नाही, ती रडत होती. आत गेलो असतो तर न्यायाधीशांनी विचारलं असतं, मनापासून करताय ना, आणि तिला हो म्हणता आलं नसतं. मग दुसरा बूट हातात घेऊन म्हणाला, "मलाही." तेवढा एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? मी विचारलं, मग एकत्र का नाही राहिलात? म्हणाला, एकत्रही राहता येत नव्हतं. ती पुढे नोकरीच्या गावी गेली, नंतर तू भेटलीस, आणि हे सांगितलं तर तू थांबणार नाहीस, अशी भीती वाटली. मी थांबले नसतेच, ताई. हे त्याला तेव्हाही बरोबर कळलं होतं, याचाच जास्त राग आला.

मागच्या महिन्यात निकाल झाला. इतकी वर्षं वेगळे राहिले म्हणून मध्ये थांबायची अट वकिलीणीनं कोर्टाकडून माफ करून घेतली. ती दोघं आत गेली आणि मी फाटकात उभी राहिले, पहारेकऱ्यासारखी. समोर चहावाला अजून आहे. पुन्हा ही दोघं तिकडे वळली तर काय करायचं याचा विचार करत होते. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. माझा हात धरून म्हणाली, घे बाई, आता तुझा. हे दगड म्हणून घेऊ की फूल म्हणून, मला कळेना. बरं म्हटलं.

तर आता मी पन्नाशी उलटलेली बिनलग्नाची बाई आहे, एका लेकीची आई, आणि परपुरुषाबरोबर राहते. परपुरुषानं मला मागणी घातली. मी विचार करते म्हटलं आणि चांगला आठवडाभर केला. त्यानं रोज तोंडाकडे बघावं आणि मी रोज भांडी लावत राहावी. वाईट वाटलं नाही मला. त्यालाही जरा कळू दे, दुसऱ्याच्या होकारावर अडकून राहणं काय असतं. मग एका सकाळी डबा घेताना म्हणाला, या वेळी मी आधी आत जाऊन बसेन, तू ये किंवा नको येऊस. मी हो म्हटलं. डबा तसाच राहिला ओट्यावर, दुपारी मी तो खाल्ला.

आता पत्राचं कारण. पुढच्या महिन्यात अकरा तारखेला नोंदणी आहे. तीन साक्षीदार लागतात. वकीलीण एक. दुसरं कोण, हे बोलणं चाललं असताना त्या पहिल्या बाईचा फोन आला, आणि ती म्हणाली, मी येते की, मोडलं मी तर जोडायलाही मीच. हा म्हणाला, बरं. हा सगळ्यांनाच बरं म्हणतो. मी नाही म्हटलं असतं तर मी जळते हे कळलं असतं, आणि मी जळते. लेकीची परीक्षा नेमकी त्याच दिवशी. ताई, माझ्या बाजूचं तिथे कुणी नाही. पहिल्या वेळी तू तोंड वाकडं करून का होईना, पण माझ्या मागे उभी होतीस. तशीच ये, तिसरी साक्षीदार तू. हवं तर सगळ्यांसमोर म्हण की मी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकून घेईन. मात्र आदल्या दिवशी ये. ती आमच्याकडेच उतरणार आहे, आणि बाहेरच्या खोलीत मी तुमची दोघींची अंथरुणं शेजारी शेजारी घालणार आहे. तू घोरतेस हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुझीच,
धाकटी