एकाच खिडकीचे पडदे

बुधवार, १२ तारीख

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, हे मला इथे बसूनही दिसतंय. भावोजींचा नवा चष्मा आला का? की अजून जुन्याच चष्म्याने पेपर नाकाला लावून वाचतात?

फोन सोडून पत्र कसलं लिहितोय म्हणून हसशील. पण फोनवर तू "जेवलास का रे?" विचारतेस, मी "सगळं ठीक" म्हणतो आणि मोकळा होतो. या वेळी मोकळं होऊन चालणार नाही.

टीव्हीवर तू पाहिलंच असशील. त्या बिल्डरच्या फसवणुकीचा तपास कोर्टाने आमच्या ठाण्याकडून काढला आणि दुसऱ्या यंत्रणेकडे वर्ग केला. एकच फ्लॅट दोन-दोन, तीन-तीन कुटुंबांना विकायचा, हा त्याचा धंदा. तपास माझ्याकडे होता आणि वर्ष उलटून गेलं तरी तो जागचा हलला नव्हता. शेवटी फसलेल्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका कोर्टात गेल्या. न्यायाधीशांनी मला विचारलं, इतके दिवस काय केलंत? मी म्हणालो, पत्रव्यवहार चालू आहे. त्यांनी माझी पत्रं मागवून चाळली. नोंदणी कार्यालयाला पाठवलेल्या एकाही पत्रात फ्लॅटचा नंबर नव्हता. त्यामुळे प्रत्येक पत्र "तपशील पुरवा" असा शेरा मारून परत यायचं, आणि मी पुन्हा तसंच पाठवायचो. तपास थांबवायचा, पण थांबलेला दिसू द्यायचा नाही, तर आमच्याकडे असंच करतात. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर येऊ नये म्हणून तुम्ही बरीच मेहनत घेतलेली दिसते." सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या.

ठाण्यात सगळ्यांना वाटतं, मी पैसे खाल्ले. ज्या हवालदाराला मी हाताला धरून काम शिकवलं, तो आता मी आलो की फाइलीत डोकं घालतो. मी एक रुपयाही घेतलेला नाही ताई. पण हे सांगायचं म्हटलं तर मग तपास का थांबवला, तेही सांगावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय, आणि पुन्हा तुझ्या गुडघ्याविषयीच लिहावंसं वाटतंय.

आपला ढब्बू त्याच बिल्डरकडे नोकरीला. लोकांना घर दाखवायचं आणि करार झाला की साक्षीदार म्हणून सही करायची, एवढंच त्याचं काम. गाजावाजा सुरू झाला तेव्हा तू घाबरून मला विचारलंस आणि मी म्हणालो, त्याचा काही संबंध नाही, मी आहे ना. तू लगेच निर्धास्त झालीस. मामा आहे म्हटलं की तुझ्या घरात विषय संपतो.

तो माझ्याकडे आला होता, ताई. पहिली तक्रार नुकतीच दाखल झाली होती. ठाण्याच्या बाकावर अनोळखी माणसासारखा बसून होता. त्याने सांगितलं, एके दुपारी दोन बायका टेप घेऊन आल्या आणि एकाच खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला लागल्या. एकीला निळे पडदे हवे होते, दुसरीला फुलाफुलांचे. आधी दोघींना गंमत वाटली. मग नंबर ताडून पाहिला, आणि एक बाई तिथेच फरशीवर बसली. ढब्बू म्हणाला, "मामा, दोन्ही करारांवर माझी सही आहे. मला जबाब द्यायचाय."

तेव्हा मी तो जबाब घेतला असता तर तो आमचा पहिला साक्षीदार ठरला असता. बिल्डर आत गेला असता आणि ढब्बू ताठ मानेने घरी आला असता. पण मला त्याची ती सही दिसली आणि तू दिसलीस. मी त्याला बाहेर नेलं, चहा पाजला आणि म्हणालो, "तू काही पाहिलं नाहीस. मी बघतो." तो नोकरी सोडतो म्हणाला. मी म्हणालो, आत्ता सोडलीस तर संशय येईल, काही महिने जाऊ देत. असला सल्ला पोलिसालाच सुचतो. मला तर माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

तो राहिला. मामाने सांगितलं म्हणून राहिला, आणि पुढे आलेल्या कुटुंबांच्या करारांवर सह्या करत राहिला. त्या शिक्षिका नंतरच्या आहेत. त्यांना घर तुझ्याच मुलाने दाखवलं. आधीच्या सह्या त्याने न कळता केल्या होत्या, या मात्र कळून केल्या. चांगल्या साक्षीदाराचा मी आरोपी करून ठेवला. तो जेवत नाही म्हणून तू मला विचारलंस, कुणी आवडलीय का रे त्याला? मी म्हणालो, असेल. माझी जीभ कशी रेटली कुणास ठाऊक.

आज सकाळी नव्या यंत्रणेच्या अधिकारी बाई कागद ताब्यात घ्यायला आल्या. कागद दिल्यावर मी खोलीचं दार लोटलं आणि हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "लेखी द्याल? नोकरी तर जाईलच, तुमच्यावर गुन्हाही दाखल होईल." मी दिलं. मुलगा स्वतःहून आला होता आणि मीच त्याला परत पाठवलं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तेवढ्याने तो सुटेल असं त्या म्हणाल्या नाहीत. पण सोमवारपर्यंत तो आपल्या पायांनी आला तर फरक पडेल. त्यांना घरी यावं लागलं, तर नाही.

हिला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगणं भाग होतं.

तेव्हा त्याला पाठव, ताई. एखादा वकील बघा आणि भावोजींना बरोबर जाऊ दे. मी जाणार नाही. मी शेजारी असलो की तो माझ्या तोंडाकडे बघून बोलतो. माझ्यावर काय रागवायचं ते सोमवारनंतर रागाव, दार बंद केलंस तरी मी कुरकुर करणार नाही. आई गेल्यावर तू मला लहानाचं मोठं केलंस. तुझं एकच मूल, आणि त्याचं मी हे केलं. रात्रंदिवस मला लाज वाटते.

तो हट्टी आहे. मामाला गुंतवणार नाही म्हणेल, तसा त्याने मला शब्द दिलाय. त्या शब्दातून मी त्याला मोकळं केलं, हे तू त्याला सांग. इतके दिवस गप्प का होतास, हे ते सगळ्यात आधी विचारतील. तेव्हा आढेवेढे घेऊ नकोस, माझं नाव घे म्हणावं.

तुझा भाऊ
(एवढं मात्र खरं)