त्या गोष्टीतला मी कोण

रविवार, १२ जानेवारी

आज वडलांचा, आबांचा, ओरडा खाल्ला. चूक माझीच!

सकाळी जिंतूरला जायचं म्हणून अंगभर सेंट मारला. निघताना बघतो तर मेंढी व्यालेली, कोकरू गारठलेलं. उचललं, छातीशी धरलं, हातानंच पुसलं. झालं! मेंढीनं हुंगलं आणि धडक मारून लांब उडवलं. स्वतःचं लेकरू! आबा धावत आले— "सेंटाच्या हातानं कोकरू धरतेत व्हय रे हऱ्या? आता कशी वळखंल ती? कालिजात हेच शिकून आला का?"

धनगराच्या घरात जन्मून हे विसरलो. बी.एस्सी. अर्धी सोडली, आणि मेंढरंही जमत नाहीत.

तरी गेलोच. ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेशी माझा संबंध एवढाच— श्रद्धा तिथं पेटीवर गाते. तिचे वडील, काशीनाथ सर, बायबलातला जुना करार समजावतात. आज एका संदेष्ट्याची गोष्ट होती. बायको त्याला सोडून दुसऱ्यांच्या मागं जाते, तरी देव त्याला सांगतो, तिला परत जवळ कर. सर म्हणाले, "देवाचं प्रेम म्हणजे नुसती माया न्हाई, दिलेला शब्द हाय. हिब्रूत हेसेद म्हणतात. माणसं मोडतात, देव मोडत न्हाई."

वाटलं, सर माझ्याशीच बोलायलेत! श्रद्धानं मागच्या महिन्यात तोंडावर सांगितलंय— "हरिओम, माझ्या मनात तसं काहीच न्हाई. मागं येऊ नको." पण तो संदेष्टा थांबला का? मग मी का थांबू!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळगूळ पुढं केला. घेतला, पण गोड काही बोललो नाही.

गुरुवार, १६ जानेवारी



जिंतूरच्या स्टँडवर श्रद्धा परभणीच्या गाडीत चढायली होती. मी दारात आडवा झालो. म्हणालो, देव सोडत नाही तसा मीही तुला सोडणार नाही! सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "बाजूला हो." झालो नाही. तिची बॅग ओढली. बंद तुटला, वह्या खाली सांडल्या. कंडक्टर ओरडला— "ए हिरो, तुझ्या बापाची गाडी हाय का?" त्याचीही कॉलर धरली मी.

श्रद्धा रडली नाही. पिसाळलेल्या कुत्र्याकडं बघावं तशी बघत मागं सरकत गेली. गाडी तिला सोडून निघून गेली.

शनिवार, १८ जानेवारी

आबा काल सरांच्या घरी जाऊन आले. काय झालं ते सांगत नाहीत. आई एवढंच म्हणाली— "सर पोलिसात गेले न्हाईत. पण पोरगी भ्यालीय, घराबाहेर पडंना. परीक्षा तोंडावर हाय तिची."



रविवार, १९ जानेवारी

प्रार्थनेला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

कोकरू पाजायचं काम आता माझ्याकडं. मेंढीला गुडघ्यात दाबून धरायचं, मग कुठं त्याच्या तोंडात सड जातो. ती लाथा झाडते. वास बदलला, तेवढ्यावरून लेकरू परकं!

धरून बसल्या बसल्या ती गोष्ट डोक्यात फिरत राहिली. मी स्वतःला संदेष्टा समजत होतो! श्रद्धानं मला शब्द दिला कधी, की तिनं तो मोडला? तिनं काहीच मोडलेलं नाही. त्या गोष्टीतली घर सोडून भटकणारी बाई मी आहे. भलताच वास अंगाला लावून हिंडणारा मी. सर असंही म्हणाले होते— देव आपल्याला सोडून गेलेल्या लोकांवर लय रागावला, त्यांना जायचं तिकडं जाऊ दिलं, पण त्यांना टाकलं नाही. जाऊ दिलं! हे मी ऐकलंच नव्हतं. माझ्या प्रेमात तर दार अडवण्याशिवाय काहीच नव्हतं.

देवाचं नाव घेऊन एका पोरीची बॅग ओढली मी. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

बुधवार, २२ जानेवारी

शेजारचा बबलू सांगत होता, श्रद्धा परत कॉलेजला जायलीय. बरं झालं! शपथ— त्या स्टँडकडं फिरकणार नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

शपथ मोडली. फक्त लांबून बघायचं, म्हणून गेलो.

श्रद्धा आली. तिच्या मागं, खांद्यावर घोंगडी टाकून— आबा! आबा रोज सकाळी कुठं जातात विचारलं, तर आई म्हणाली होती, तहसीलच्या चकरा चालल्यात. ती गाडीत चढेपर्यंत आबा दारापाशी राखण केल्यासारखे उभे. ती खिडकीतून म्हणाली, "उद्या येऊ नका काका, सुट्टी हाय."

गाडी गेली. आबा वळले, आणि समोर मी.

वाटलं, आता इथंच मारतील. मी मान खाली घातली. आबा जवळ आले.

"चहा पिलास का रं?"