मुकादम आणि चामडी प्रवाळ

४ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. त्यात पानभर चौकशी प्रवाळांची आणि शेवटी ओळभर माझी. असो.

तुझ्या गुबगुबीत प्रवाळांची मुकादमानं पार वाट लावली आहे. मासा वीतभर, पण दिवसभर टँकभर फिरून प्रत्येकाला टोचा मारतो. म्हणून तर बोलता येत होतं तेव्हा बाबांनी त्याचं हे नाव ठेवलं. तू लिहितोस, त्याला दुकानात देऊन टाक. ते जमायचं नाही. आजारपणानंतर बाबांचा उजवा हात उचलला जातो तो फक्त त्याच्यासाठी. खुर्ची टँकजवळ ओढली की तो काचेशी येतो आणि बाबा त्याच्यामागे बोट फिरवतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई महिनाभर डोकं आपटून गेल्या, त्यांनाही एवढं जमलं नव्हतं.

पण नुसते दगड ठेवले तर बाबा तिकडे बघतसुद्धा नाहीत. टँक तुम्ही दोघांनी मांडलेला. तेव्हा मुकादमाशेजारी टिकतील अशी प्रवाळं सांग. मला आता विचार करायचाही कंटाळा येतो.

तुझी,
ताई

१३ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. दुकानाचं लिहिलं ते चुकलंच. इथल्या मत्स्यालयात माझं दिवसभर हेच काम, त्यामुळे सल्ला आधी सुटतो.

मांसल, लुसलुशीत प्रवाळं पुन्हा आणू नकोस. त्याला ती आयतं ताट वाटतात. चामड्यासारखी जाड असतात ती घे. चवीला कडू जहर, मासे सहसा सोडून देतात. मोठे तुकडे घे, म्हणजे एखादा टोचा सोसतात. नवीन पाण्यात ती पंधरा दिवस मिटून बसतील, वरची साल टाकतील. घाबरू नकोस, हात लावू नकोस.

तरी खात्री कशाचीच नाही. खरं औषध म्हणजे पोटभर खाणं. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. अर्धपोटी मासा कडूही खातो. तीनदा घालतेस ना?

तुझा,
धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. चामडी प्रवाळं आणली. तू म्हणालास तशी मिटून बसली आणि परवा उघडली. बाबांनी बराच वेळ बोट फिरवलं.

आता खरं लिहिते. तीनदा घालते असं मी तुला वर्षभर लिहीत आले, ते खोटं. एकदाच घालत होते. जास्त घातलं की पाणी गढूळ होतं, आणि बाबांच्या चादरी, आंघोळ, औषधं उरकल्यावर पाणी बदलायला बादल्या उचलायचं त्राण नसतं. तुझी प्रवाळं मुकादमानं खाल्ली, पण त्याला उपाशी मी ठेवलं. आता तीनदा घालते आहे आणि माझी कंबर गेली आहे.

प्रवाळ पंधरा दिवस मिटून बसलं तर त्याला हात लावू नकोस म्हणतोस. मलाही तसं बसायचं आहे रे. मी दमले आहे. मासा नको नेऊस, प्रवाळं नको पाठवूस. पंधरा दिवस तू ये. मी मावशीकडे जाऊन झोपते.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस, मुक्काम मावशीकडे,

साष्टांग नमस्कार. तुला जाऊन आठवडा झाला. बाबा ठीक आहेत. पहिले दोन दिवस माझ्या हातून जेवेनात, आता जेवतात. मावशीला म्हणावं, हिला कामाला लावू नकोस.

मंगळवारी मुकादमाचं दुपारचं खाणं राहिलं. गुरुवारी दुपारचं आणि संध्याकाळचं दोन्ही. बाबांना उठवून बसवण्यात दुपार कुठे गेली कळलं नाही. शुक्रवारी बघतो तर चामडी प्रवाळाची कड कुरतडलेली. मत्स्यालयात चाळीस टँक सांभाळणारा माणूस मी, आणि घरातला एक मासा चार दिवसांत उपाशी ठेवला. तू हे एकटीनं तीन वर्षं केलंस, आणि मी तुला पत्रातून विचारत होतो, तीनदा घालतेस ना म्हणून. मला लाज वाटते ताई.

इथल्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला टँक सांभाळायला माणूस हवा आहे. काल जाऊन हो म्हणून आलो. पगाराचं विचारू नकोस. मत्स्यालयाला राजीनामा पाठवला आहे.

तेव्हा पंधरा दिवसांनी यायची घाई करू नकोस. महिना राहा, दोन राहा. आलीस की दुपारचं खाणं माझ्याकडे आणि बादल्याही माझ्याकडे. लोभ तू आजवर पुष्कळ केलास, आता थोडा मला करू दे.

तुझा,
धाकटा