गुरुवारची रात्र

प्रिय टिल्लू,

चौतीस वर्षांच्या बाईला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. ती आत्ता शेजारच्या काकूंकडे गेली आहे, तेवढ्यात म्हणून घेतो. काकू मागच्या वर्षी बोटीची सफर करून आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात जमीन फारशी येतच नाही. आता आम्हीही निघालोय, तर आज बोट लागू नये म्हणून काय काय करायचं याची शिकवणी आहे. काल जेवताना कुठल्या टेबलाशी बसायचं याची होती. आईने बॅग कितीदा भरली आणि कितीदा रिकामी केली ते विचारू नकोस. माझा निळा शर्ट दर वेळी आत जातो आणि ‘अहो, याची कॉलर बघा जरा’ म्हणून दर वेळी बाहेर येतो. थोडक्यात, घरात उत्साह आहे, आणि बऱ्याच दिवसांनी आहे.

आता माझा पराक्रम ऐक. आईने फोनवर रंगवून सांगितला असेलच, पण तिला त्यातलं अर्धंच ठाऊक आहे. बोट तुझ्याच गावाहून पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी सुटते. काकूंनी बजावलं होतं की आदल्या रात्रीच तिथे पोचा, बोट कुणासाठी थांबत नाही. आणि परत आल्यावरही लगेच गाडी पकडायला धावू नका, एक रात्र मुक्काम करा. पटलं मला. म्हणून बंदराजवळचं एक हॉटेल शोधलं आणि कुणाची मदत न घेता दोन्ही रात्री बुक केल्या. शुक्रवारी रात्री झोपायचं, म्हणून शनिवार लिहिला. बोट गुरुवारी सकाळी परत येणार, त्या रात्री झोपायचं, म्हणून शुक्रवार लिहिला. हस खुशाल. पण आयुष्यभर लिफ्टच्या दुरुस्तीची रात्रपाळी केलेल्या माणसाच्या जागी उभी राहून बघ. आमच्याकडे शुक्रवारी रात्री कामावर गेलं की हजेरी शनिवारची लागायची. रात्र ज्या दिवशी संपते, त्या दिवसाची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं डोकं अजून त्याच हजेरीवर आहे. म्हणजे आम्ही बोटीत बसून निघून गेलो असतो आणि मागे हॉटेलात आमच्यासाठी स्वच्छ चादरी घालून ठेवल्या असत्या.

शनिवारच्या बोटीला सोडायला गाडी पाठवा, असंही मी लिहिलं होतं म्हणून वाचलो. ते वाचून हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आपण होऊन फोन केला. ‘काका, तुमची बोट शनिवारीच सुटते ना?’ असं तिने इतक्या हळुवारपणे विचारलं की मला आधी वाटलं, बोटीचंच काहीतरी झालं. मग मी माझी रात्रपाळी तिला समजावून सांगितली. ती बिचारी हसू दाबत ‘हो का, हो का’ करत राहिली आणि शुक्रवारची रात्र नीट करून दिली. पुढे तिने परतीच्या रात्रीचं विचारलं. त्याचं सांगतो नंतर.

आधी आईचं. मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, ‘बोट सुटताना मी बंदरावर भेटायला येईन, तुम्ही हॉटेल मात्र चांगलं बघा.’ आई ‘हो हो, बघतायत ना हे’ म्हणाली, फोन ठेवला, आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली. तिच्या मनाने घेतलंय की तू तिच्यावर रागावली आहेस. तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हा ती ‘जरा दमाने घे’ म्हणाली होती. ते तुला लागलं, म्हणून दीड वर्ष तू आम्हाला बोलावत नाहीस, असं ती धरून चालली आहे. मला तसं वाटत नाही. तू दर वेळी म्हणतेस, ‘जागा लहान आहे, जरा बस्तान बसू दे, मग या.’ मला वाटतं, तू खरंच त्या जागेपायी थांबली आहेस. एक गादी, चार भांडी, आणि आई येऊन सगळीकडे नजर फिरवेल ही धास्ती. चुकत असलो तर चुकतो म्हण.

तू जन्मायच्या आधी आम्ही एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होतो. भिंतीपलीकडे लिफ्टचं यंत्र. खाली कुणी बटण दाबलं की आमच्या फळीवरची भांडी थरथरायला लागायची. आईने तिच्या आईला वर्षभर घरी येऊ दिलं नाही. पत्रात लिहायची, रंगाचं काम चाललंय. खरंच तेवढा रंग लावला असता तर आत उभं राहायला जागा उरली नसती. शेवटी एक दिवस तुझी आजी न कळवता दारात हजर. तिने भांड्यांची थरथर पाहिली, म्हणाली, ‘बरंय, कुणी वर यायला लागलं की आधी कळतं,’ आणि दुपारी भिंतीला पाठ लावून मस्त घोरत झोपली. आई तिच्याकडे बघत बराच वेळ रडली. तिला भीती होती की आजी म्हणेल, यासाठी का तुला लहानाची मोठी केली. आजी उठली आणि चहा मागितला.

पण आजीसारखं न कळवता टपकणं मला जमणार नाही. लिफ्ट मध्येच अडकली की बाहेरचे लोक दार ओढायला धावतात, आणि आतलं माणूस त्याने आणखी घाबरतं. मी आधी दाराशी उभा राहून बोलायचो. काय करतोय ते सांगायचो, आतून ‘बरं’ असा आवाज आला की मगच हत्यारं काढायचो. दीड वर्ष मी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो त्या अशाच. हे सगळं फोनवर बोललो असतो तर तुला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि आई शेजारी कान टवकारून बसलेली असते ती वेगळीच.

एक मात्र सांगून टाकतो, कारण समोर बसून माझ्या तोंडून निघणार नाही. मला तुझी फार आठवण येते. आणि मला तुझा अभिमान वाटतो. अनोळखी गावात एकटीने खोली शोधलीस, काम मिळवलंस, दिवसभर मान खाली घालून लोकांच्या कवळ्या घडवतेस. काकूंची कवळी हसताना सटकते तेव्हा मी मनात म्हणतो, माझ्या लेकीने केली असती तर नसती सटकली. आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आमची मुलगी दात करते. लोक तुला डॉक्टर समजतात आणि ती त्यांना समजू देते. रागावलेल्या मुलीच्या आईचं हे असं चाललंय.

तर परतीची रात्र. ‘शुक्रवार काढून गुरुवार करू ना, काका?’ असं त्या मुलीने विचारलं, आणि मी म्हटलं, शुक्रवार काढ, पण गुरुवार अजून लिहू नकोस. का म्हटलं ते मलाही फोन ठेवल्यावर कळलं. आईला मी सांगितलंय की दोन्ही रात्री पक्क्या झाल्या. तुझ्या घरी नको म्हणालीस तर मी हॉटेलला फोन करून खोली घेईन, आई तिथे छान झोपेल आणि तिला यातलं काही कळणार नाही. मला वाईट वाटेल, पण बंदरावर मी तुला हसतच भेटेन. हो म्हणालीस तर आम्हाला जमिनीवर एक सतरंजी पुरे, आणि आईची नजर मी सांभाळतो. हे पत्र तुझ्या कामाच्या ठिकाणी पाठवतोय, कारण तुझ्या घराचा पत्ता तू आम्हाला दिलेला नाहीस आणि आम्हीही कधी मागितला नाही. आता मागतो. परत आल्यावर गुरुवारी सकाळी बंदराबाहेर आम्ही टॅक्सीत बसू, आई माझ्याकडे बघेल, ड्रायव्हर विचारेल कुठे जायचं. त्याला काय सांगू, तेवढं कळव.

घाई न करणारा, पण वाट बघणारा,
तुझाच
बाबा